राजाजी आणि स्वातंत्र्याची मर्यादा: एका न मिटलेल्या वादाचा आढावा

चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी ब्रिटिशांच्या तुरुंगात राहिले. पुढे मद्रास प्रांताचे पंतप्रधान आणि स्वतंत्र भारताचे गृहमंत्री म्हणून त्यांनी विनाखटला तुरुंगात ठेवणारे, सभा आणि लेखणी यांना आवर घालणारे कायदे राबवले. आयुष्याच्या शेवटच्या पंधरा वर्षांत मात्र ते सरकारी सत्तेच्या फुगवट्याचे देशातले सर्वात ठाम टीकाकार झाले. या तीन भूमिकांमागे एकच विचार होता, की सत्तेच्या खुर्चीनुसार विचार बदलला? हा प्रश्न राजाजींच्या हयातीतच विचारला गेला आणि त्यांच्यावरच्या अलीकडच्या अभ्यासांतही तो सुटलेला नाही.

हा प्रश्न एका व्यक्तीच्या चरित्रापुरता असता तर त्याचा आढावा घेण्याचे फारसे कारण नव्हते. भारतात पुराणमतवादी राजकीय विचाराला स्वतःची स्पष्ट भाषा देणारे जे थोडे नेते झाले, त्यांत राजाजी पहिल्या रांगेत येतात. व्यक्तिस्वातंत्र्य, कायद्याचे राज्य आणि राष्ट्राची सुरक्षा यांचा मेळ हा विचार कसा घालतो, याची सर्वात सलग सामग्री त्यांच्याच कारकिर्दीत सापडते.

पार्श्वभूमी: तुरुंग आणि पहिली सत्ता

१८७८ साली जन्मलेल्या राजाजींनी सालेमला वकिली केली. असहकार चळवळीत १९२१-२२ मध्ये त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात शिक्षा भोगावी लागली. तिथे लिहिलेल्या रोजनिशीत त्यांनी एक इशारा नोंदवला आहे. स्वराज्य आले म्हणून लोक आपोआप सुखी होणार नाहीत. निवडणुकांतला भ्रष्टाचार, अन्याय आणि पैशाची जुलमी सत्ता यांना तोंड द्यावे लागेल, असा त्याचा आशय. स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन भरात हे लिहिणारा माणूस स्वभावानेच सावध होता. १९३० मध्ये वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी केले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाला मात्र विरोध केला. राज्ययंत्रणा एकदम कोसळली तर गोंधळ माजेल, ही भीती त्यांना परकीय सत्तेच्या रागापेक्षा मोठी वाटली.

ही वृत्ती पहिल्यांदा कसाला लागली ती १९३७ ते १९३९ या काळात. मद्रासचे पंतप्रधान म्हणून त्यांनी शाळांत हिंदी सक्तीची केली आणि त्याविरुद्ध द्रविड चळवळीचे नेते पेरियार व इतरांनी आंदोलन उभारले. निदर्शकांवर वापरला गेला तो १९३२ चा क्रिमिनल लॉ अमेंडमेंट कायदा. हा कायदा ब्रिटिशांनी सविनय कायदेभंग मोडण्यासाठी केलेला आणि काँग्रेसने सतत निषेधलेला होता. हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले, पेरियारांना शिक्षा झाली. नटराजन आणि तालमुत्तू हे दोन आंदोलक १९३९ मध्ये कैदेत असताना मरण पावले. त्याआधी १९३७ मध्ये समाजवादी कार्यकर्ते एस. एस. बाटलीवाला यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली तेव्हा खुद्द नेहरूंनी नाराजी व्यक्त केली होती. लोकांनी निवडलेले सरकार आणि परकीय सरकार यांच्या हातात एकच कायदा असला तरी त्याचे नैतिक वजन वेगळे असते, अशी राजाजींची धारणा या काळात दिसते. त्यांच्यावरच्या टीकेचे मूळही याच धारणेत आहे.

१९५०-५१: प्रजासत्ताकाचे पहिले कायदे

स्वतंत्र भारताच्या घटनेत विनाखटला स्थानबद्धतेला जागा मिळाली, ती राजाजींमुळे नव्हे. घटना समितीने व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य प्रक्रिये’चा शब्दप्रयोग वगळून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया’ एवढेच ठेवले. त्यावर नाराजी उमटली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये, झालेल्या नुकसानीची काही भरपाई म्हणून, पुढे कलम २२ झालेली तरतूद मांडली. अटकेचे कारण कळवणे, वकिलाचा हक्क आणि स्थानबद्धांसाठी सल्लागार मंडळ हे त्यातले संरक्षण. मात्र काही वर्गांतल्या व्यक्तींना मंडळाकडे प्रकरण न नेताही तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ डांबण्याची मुभा संसदेला त्याच कलमात मिळाली.

प्रजासत्ताक महिन्याभराचे झाले असताना, फेब्रुवारी १९५० मध्ये, सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक आणले. त्यापायी आपल्याला झोप लागली नाही, हे त्यांनी सभागृहात सांगितले. विधेयक एका दिवसात मंजूर झाले. तेलंगणात सशस्त्र उठाव सुरू होता, बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट पक्षाने १९४८ पासून उठावाची भूमिका घेतली होती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. या कायद्याची कक्षा एका विचारापुरती नव्हती. एप्रिल १९५० मध्ये, पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली यांच्या दिल्लीभेटीच्या सुमारास, वि. दा. सावरकरांना स्थानबद्ध करून बेळगावच्या तुरुंगात ठेवले गेले; जुलैत त्यांची सुटका झाली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी मद्रास सरकारच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. मे १९५० मध्ये न्यायालयाने एक कलम वगळता कायदा वैध ठरवला. न्या. फझल अली यांचे मतभिन्नता नोंदवणारे निकालपत्र पुढच्या पिढ्यांना मार्गदर्शक ठरले.

पटेलांचे डिसेंबर १९५० मध्ये निधन झाले आणि गृहखाते राजाजींकडे आले. कायद्याची मुदत संपत आली होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्यांनी मुदतवाढ मागितली, पण तिच्याबरोबर एक महत्त्वाचा बदलही आणला. यापुढे प्रत्येक स्थानबद्धाचे प्रकरण सल्लागार मंडळापुढे जाईल आणि मंडळाने पुरेसे कारण नाही असे म्हटले तर सुटका होईल. घटनेने दिलेली मोठी मुभा त्यांनी कायद्यात वापरली नाही. वकिलाला मात्र मंडळापुढे उभे राहता येणार नव्हते. त्याच वर्षी आलेल्या वृत्तपत्रविषयक कायद्यातही हीच रीत दिसते. १९३१ च्या ब्रिटिश कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्याने आक्षेपार्ह मजकुरावरची कारवाई सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीतून काढून सत्र न्यायाधीशाकडे दिली आणि ज्यूरीची सोय केली. कायद्याला मुदत होती. तरीही संपादकांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरची बंधने जून १९५१ मध्येच वाढवली होती, हे त्या विरोधामागचे तात्कालिक कारण. त्या दुरुस्तीला निमित्त ठरलेल्या खटल्यांपैकी एक मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेल्या बंदीचा होता.

१९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री झाल्यावर राजाजींनी कम्युनिस्टांना आपण त्यांचे पहिल्या क्रमांकाचे शत्रू आहोत असे विधानसभेत बजावले. तोवरचे त्यांचे चित्र सुव्यवस्थेच्या कठोर राखणदाराचे आहे.

विरोधी बाकावर

१९५९ मध्ये, ऐंशी वर्षे पूर्ण केल्यावर, राजाजींनी मिनू मसानी, प्रा. एन. जी. रंगा आदींबरोबर स्वतंत्र पक्षाची स्थापना केली. जूनमध्ये मद्रासला घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत तयारी अधिवेशन भरले. परमिट, लायसन्स आणि कोटा यांच्या राज्यावरची त्यांची टीका सर्वपरिचित आहे. त्यामागचे सूत्र असे: नागरिकाला धंदा करायला, शेती करायला, छापखाना चालवायला सरकारी परवानगी लागली की त्याचे सर्व राजकीय स्वातंत्र्य त्या परवानगीच्या दोरीला बांधले जाते. आर्थिक सत्ता आणि पोलिसी सत्ता त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. व्यक्तीने धर्माने, म्हणजे स्वतःच्या संयमाने, आवरावे; राज्याने त्या संयमाची जागा घेऊ नये, हा त्यांच्या विचारातला गांधीवादी धागा. पक्षाच्या एकवीस तत्त्वांत, तत्त्वांबाहेरच्या प्रश्नांवर सदस्यांना मताचे पूर्ण स्वातंत्र्य राहील, अशी तरतूदही होती.

सुरक्षेच्या कायद्यांविषयीची त्यांची नवी भूमिका १९६२ नंतर स्पष्ट झाली. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी जाहीर झाली. महिन्याभरात युद्ध थांबले. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालली आणि भारत संरक्षण नियमांखाली राजकीय विरोधक स्थानबद्ध होत राहिले. स्वतंत्र पक्षाने संरक्षणाच्या तयारीला पाठिंबा दिला आणि लांबत चाललेल्या आणीबाणीला विरोध केला. याच काळात राममनोहर लोहियांच्या खटल्यात, १९६५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्थानबद्धता रद्द केली. नागपूरच्या वकिलीतून घडलेल्या न्या. हिदायतुल्ला यांनी कायदा-सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षा ही एकात एक असलेली तीन वर्तुळे असल्याचे मांडले. गल्लीतला दंगा म्हणजे देशाला धोका नव्हे, हा भेद त्यामुळे कायद्यात रुजला.

हिंदीच्या बाबतीत तर वर्तुळ पूर्ण झाले. १९३८ मध्ये आंदोलकांना तुरुंगात टाकणारे राजाजी आता हिंदी लादण्याच्या विरोधात होते, आणि १९६७ ची निवडणूक त्यांच्या पक्षाने मद्रास राज्यात द्रमुकच्या साथीने लढवली.

सुरक्षेचा वेगळा हिशेब

राजाजींना केवळ ‘कठोर कायद्याचे नेते’ मानणाऱ्यांना त्यांच्या परराष्ट्र आणि संरक्षणविषयक भूमिका अडचणीच्या ठरतात. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय लष्कराने गोवा मुक्त केला तेव्हा देशभर आनंद झाला. राजाजींनी मात्र बळाच्या वापरावर टीका केली. लष्करी बळाविरुद्ध जगाला उपदेश करण्याची नैतिक ताकद भारताने गमावली, असे त्यांचे म्हणणे होते. चौदा वर्षांच्या वाटाघाटी आणि सत्याग्रहींवरचा गोळीबार पाहिलेल्या गोमंतकीयांना आणि महाराष्ट्रातल्या गोवा विमोचन चळवळीतल्या कार्यकर्त्यांना हे पटणे शक्य नव्हते, आणि त्यांची बाजूही भक्कम होती.

काश्मीरबाबतही ते प्रवाहाविरुद्ध गेले. शेख अब्दुल्ला एप्रिल १९६४ मध्ये तुरुंगातून सुटले, वाटेत वर्ध्याला विनोबांना भेटले आणि मद्रासला जाऊन राजाजींशी बोलले. जयप्रकाश नारायण आणि मसानी यांच्याप्रमाणे राजाजीही समझोत्याच्या प्रयत्नामागे होते; जनसंघाचा त्याला विरोध होता. १९६५ मध्ये अब्दुल्लांना पुन्हा भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली आणि तो धागा तुटला. अण्वस्त्र चाचण्यांविरुद्ध राजाजी सातत्याने लिहीत होते. १९६२ मध्ये गांधी पीस फाउंडेशनच्या शिष्टमंडळातून जाऊन ते राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेटले. अंतर्गत सुरक्षेत कठोर आणि सीमेपलीकडच्या प्रश्नांत संयमी, असे हे मिश्रण आजच्या डाव्या-उजव्या चौकटीत बसत नाही.

चार वाचने

या सामग्रीचा अर्थ लावणारी चार मुख्य मते दिसतात.

पहिले मत सातत्याचे. राजाजी आयुष्यभर विवेकाचे, परिस्थिती जोखून पाऊल टाकण्याचे राजकारण करत होते, असे ते मानते. वासंती श्रीनिवासन यांचा त्यांच्यावरचा अभ्यास या दिशेने वाचता येतो. कोवळ्या राज्याला उठावापासून वाचवणे आणि प्रौढ राज्याला मस्तवाल होऊ न देणे, ही एकाच वृत्तीची दोन कामे ठरतात. १९५१ मधले सल्लागार मंडळ आणि १९६० च्या दशकातला आणीबाणीविरोध यांत समान काय, तर मुदत आणि त्रयस्थ तपासणी यांचा आग्रह.

दुसरे मत विसंगतीचे. सत्तेत असताना एक आणि सत्तेबाहेर दुसरे, हे सगळ्याच राजकारण्यांचे लक्षण राजाजींनाही लागू होते, असे ते सांगते. १९३८ चा मद्रास हा त्याचा मुख्य पुरावा. द्रविड चळवळीच्या आठवणीत राजाजी आजही मुख्यतः याच रूपात आहेत. पहिल्या घटनादुरुस्तीचा इतिहास लिहिणारे त्रिपुरदमन सिंग यांच्यासारखे अभ्यासक सुरुवातीच्या प्रजासत्ताकाने स्वातंत्र्यांवर घातलेल्या बंधनांकडे लक्ष वेधतात, तेव्हा त्या हिशेबात राजाजींचे गृहमंत्रिपदही येते.

तिसरे मत हितसंबंधांचे. हॉवर्ड अर्डमन यांनी १९६७ च्या ग्रंथात स्वतंत्र पक्षाचा अभ्यास संस्थानिक, जमीनदार, उद्योगपती आणि राजाजींसारखे विचारवंत यांच्या आघाडीच्या अंगाने केला. या दृष्टीने पाहिले तर पक्षाच्या स्वातंत्र्यात मालमत्तेचे वजन सर्वाधिक होते. स्थानबद्ध शेतमजुरापेक्षा अधिग्रहित जमिनीच्या मालकाचे दुःख त्याला लवकर ऐकू येत होते, हा या मताचा आक्षेप.

चौथे मत बदलाचे. उतारवयात राजाजी खरोखर बदलले, असे ते म्हणते. काँग्रेसचे अखंड वर्चस्व पाहून त्यांना विरोधी पक्षाची गरज पटली. आदित्य बालसुब्रमण्यन यांचे २०२३ चे पुस्तक स्वतंत्र पक्षाकडे अर्थकारणाइतकेच लोकशाहीतल्या विरोधाच्या राजकारणाचा प्रयोग म्हणून पाहते. त्या प्रकाशात १९५९ नंतरचे राजाजी हे अनुभवातून शिकलेले राजाजी ठरतात.

ही मते एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. पहिल्याला १९३८ चे समाधानकारक उत्तर देता येत नाही. दुसऱ्याला १९५१ मधले स्वतःहून स्वीकारलेले बंधन उलगडत नाही. तिसऱ्याला काश्मीर आणि आणीबाणीची भूमिका अडते. चौथ्याला वेल्लोरची रोजनिशी.

मालमत्तेपासून स्वातंत्र्याकडे

तिसऱ्या मताला न्यायालयीन इतिहासाने एक अनपेक्षित उत्तर दिले. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितले की संसद मूलभूत हक्क हिरावू शकत नाही. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी संसदेचा अधिकार परत मिळवून देणारे विधेयक मांडले. नाथ पैंची लोकशाहीवरची निष्ठा निर्विवाद होती. निवडून आलेल्या संसदेला सामाजिक न्यायासाठी घटना बदलता आलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. स्वतंत्र पक्षाने विरोध केला तो बहुमतावरही कायमचा लगाम हवा म्हणून. दोन्ही बाजू स्वातंत्र्याचेच नाव घेत होत्या. धोका कोठून येतो याविषयी त्यांचे मतभेद होते.

१९६९ मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाला स्वतंत्र पक्षाचे मुंबईतले पदाधिकारी आर. सी. कूपर यांनी आव्हान दिले. युक्तिवाद नानी पालखीवालांनी केला. निकाल मालमत्तेबद्दल होता, पण मूलभूत हक्क सुटेसुटे कप्पे नाहीत, हे त्यात प्रस्थापित झाले आणि गोपालन खटल्यातला पायाच हलला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात त्यावरूनच ‘न्याय्य प्रक्रिये’ची कल्पना व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात परत आली. बँकेच्या भागधारकाने मिळवलेल्या निकालाचा लाभ अखेर प्रत्येक अटकेतल्या माणसाला झाला.

राजाजी हे पाहायला नव्हते; २५ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ च्या आणीबाणीत त्यांच्या सहकाऱ्यांपैकी मसानींनी मुंबईहून निघणाऱ्या ‘फ्रीडम फर्स्ट’वरच्या सेन्सॉरच्या आदेशांना आव्हान दिले आणि १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द ठरवले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले.

काय अनुत्तरित आहे

पहिला प्रश्न तपासणीच्या जागेचा. राजाजींनी १९५१ मध्ये सल्लागार मंडळाची सक्ती साध्या कायद्यात घातली. साध्या कायद्यातले बंधन पुढचे सरकार साध्या कायद्यानेच काढू शकते. ‘मिसा’ या स्थानबद्धता कायद्यामध्ये १९७५ साली झालेल्या दुरुस्तीने स्थानबद्धाला कारणे कळवण्याची आणि मंडळाकडे जाण्याची गरजच उडवली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण घटनेतच आणायचे ठरवले: तीन महिन्यांऐवजी दोन, मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने. संसदेने मंजूर केलेले हे कलम एकाही सरकारने अमलात आणलेले नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. १९५० चा कायदा वर्षभरासाठी होता आणि वारंवार वाढवत १९६९ च्या अखेरीपर्यंत चालला. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा तर मुदतीविनाच आला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तो वैध ठरवला. महाराष्ट्रात १९८१ पासून झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींसाठीचा स्वतंत्र स्थानबद्धता कायदा आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले तेव्हाही धोका किती, तपासणी कोणाची आणि व्याख्या किती रुंद, हेच मुद्दे चर्चेत आले.

तिसरा प्रश्न पुराणमतवादी विचाराच्या गाभ्याचा आहे. सुव्यवस्था ही स्वातंत्र्याची अट मानली तर अव्यवस्था कशाला म्हणायचे हे कोण ठरवणार? १९३८ मध्ये ते राजाजींनी स्वतः ठरवले आणि शाळेतल्या भाषेबद्दलचे आंदोलन फौजदारी कायद्याने हाताळले. लोहिया खटल्यातल्या तीन वर्तुळांनी न्यायालयाला एक माप दिले, पण अटक होते तेव्हा ते माप पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असते.

हा सारा व्यवहार पाहून एक निष्कर्ष काढता येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. राजाजींच्या सर्वात चांगल्या निर्णयांत तीन कसोट्या दिसतात: विशेष अधिकाराला मुदत असावी, तो वापरणाऱ्याबाहेरच्या कोणी तपासावा आणि धोका ओसरला की तो सोडून द्यावा. जिथे त्यांनी या कसोट्या पाळल्या नाहीत, तिथेच त्यांचा निर्णय काळाच्या तपासणीत टिकला नाही. या कसोट्या मान्य करायला उजवे किंवा डावे असण्याची गरज नाही. त्या राज्यकर्त्याच्या संयमावर सोडता येत नाहीत, हे १९७५ ने दाखवून दिले. त्यामुळे राजाजींवरच्या वादाचे पुढचे काम चरित्रकारांपेक्षा संसदेकडे अधिक आहे: ४४ व्या दुरुस्तीतले ते कलम लागू करायचे की नाही, याचे उत्तर तिने अजून दिलेले नाही.